खिळे जुळवणाऱ्या मुली

नाताळच्या अंकात एखाद्या ख्रिस्ती बालकाश्रमावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रार्थना, पंगत आणि रांगेत उभी राहून गाणारी मुलं असणार. केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव मीच सुचवलं. त्याच्या संस्थापक पंडिता रमाबाईंचं लेखन आणि त्यांची चरित्रं वाचायला घेतली, आणि पाय अडकला तो तिथल्या छापखान्यात.

इतिहास भरभर उरकतो. त्यातला अर्धा मराठी वाचकाला पाठ असतो. मार्च १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात, १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून उठलेलं वादळ आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून काढून घेतलेलं अंग. पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव आज पुष्कळांना नारायण महाराजांच्या बेटामुळे ठाऊक आहे. तिथली सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी घेतली ती आश्रमासाठी नव्हे, फळबागेसाठी. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसे पुरवण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत संपली की संत्र्या-लिंबांच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा साधा हिशेब होता.

तो हिशेब दुष्काळाने मोडला. १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि तिथून मुलींना आणू लागल्या. वर्षभरात त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढी नवी माणसं शहरात ठेवायला सरकारी मनाई झाली आणि मुलींचा मुक्काम केडगावच्या शेतावर हलला. प्लेगच्या दवाखान्यात नेलेली सदनातली एक मुलगी तिथून परत आलीच नाही. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारी बंदोबस्ताचे वाभाडे काढले, आणि ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेलं. मिशनरी म्हणजे सरकारची माणसं, हे समीकरण या बाईच्या बाबतीत तरी जुळत नाही.

१८९८मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि एकूण वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तरी रोजचे दहा क्विंटल. ते निवडायचं, दळायचं, शिजवायचं आणि पुन्हा उद्याची तयारी करायची, तीही आजही अवर्षणप्रवण गणल्या जाणाऱ्या दौंडच्या पट्ट्यात, विहिरींच्या भरवशावर.

आलेल्या मुली गोंडस अनाथ नव्हत्या, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. भुकेने त्यांच्या अंगावर कातडं आणि हाडं तेवढी उरली होती. डोक्यात उवा, अंगावर फोड. आंघोळ घालायला गेलं की ओरबाडायच्या, मिळालेलं अन्न लपवून ठेवायच्या, आपापसांत मारामाऱ्या करायच्या. वाचवून आणलेल्यांपैकी कित्येक जणी वाचल्याही नाहीत. रमाबाईंना हे सोसता आलं याचं कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली होती; झाडपाला खाऊन राहिलेले दिवस त्यांनी पाहिले होते. अन्न लपवणाऱ्या मुलीला शिस्तीचे पाठ द्यायची घाई अशा बाईला होत नाही.

पैसा कुठून येई? इथे एक इंग्लिश धागा आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अ‍ॅशली डाउनवर पाच इमारती बांधून दोन हजारांवर अनाथ मुलं सांभाळली आणि कुणापुढे थेट हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची, असा नेम ठेवला. त्याचं चरित्र रमाबाईंनी वाचलं आणि हे हिंदुस्थानात का होऊ नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. मात्र म्यूलर अहवाल नेमाने छापत असे, आणि मुक्तीतूनही ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे इंग्रजी पत्रक परदेशी वाचकांकडे जात होतं. न मागण्याची ही रीत चांगल्या छापखान्याशिवाय चालली नसती, असं माझं आपलं मत.

मुक्तीत सगळ्यांना काम होतं. शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुणं, स्वयंपाक. अंध मुली आणि बायकांसाठी बार्तिमी सदन. तिथे मनोरमाबाईंनी, म्हणजे रमाबाईंच्या मुलीने, ब्रेल शिकवायला सुरुवात केली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन. या सगळ्यांत छापखाना हा एक धंदा. पण मराठी छपाईचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला त्याची अवघड बाजू लगेच कळेल.

इंग्रजीच्या जुळाऱ्याला, म्हणजे खिळे ओळीत जुळवणाऱ्याला, सव्वीस अक्षरं, त्यांची मोठी रूपं, अंक आणि चिन्हं एवढंच सांभाळावं लागे. मराठीत जोडाक्षरं धरून खिळ्यांचे, म्हणजे धातूच्या अक्षरठशांचे, प्रकार शेकड्यांत जात. मुंबईत रूढ झालेल्या डिग्री पद्धतीत मात्रा, अनुस्वार, रफार वरच्या थरात, उकार खालच्या थरात, आणि मधे अक्षर, असे तुकडे जोडून एकेक ओळ उभी राही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असे. जुळारी स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात धरून उलटंच वाचायला शिके. पान छापून झालं की खिळे सोडायचे, म्हणजे एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा. घर चुकलं तर ती चूक त्या दिवशी दिसत नसे, पुढच्या कुठल्या तरी पानात उगवे. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांच्या आठवणीवर चाले, आणि ती आठवण यायला वर्षं जात.

आता यात रमाबाईंचा हट्ट मिसळा. प्रचलित मराठी बायबल त्यांना पंडिती वाटे. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ते हवं होतं. इंग्रजीवरून भाषांतर करून भागलं असतं, पण त्यांना मुळातून करायचं होतं, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या पंडितेला व्याकरणाचं भय नव्हतंच. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते आणि तिच्या स्वरांची टिंबं-रेघा मुख्यतः अक्षरांच्या पोटाखाली बसतात. उकार बसवायला सरावलेल्या बोटांना ते फार परकं वाटलं नसेल. भाषांतर एका बाईने केलं; जुळणी, छपाई आणि बांधणी मुक्तीतल्या बायकांनी केली. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे चाललं. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; त्याआधी शेवटची मुद्रितं तपासायला दहा दिवस मिळावेत अशी प्रार्थना करून त्यांनी ते काम संपवलं, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ साली.

भाषांतर म्हणून त्याची योग्यता अभ्यासकांनी ठरवावी. शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहात वाक्यं काही ठिकाणी खडबडीत झाली आहेत, आणि वापरात ते जुन्या बायबलची जागा घेऊ शकलं नाही. माझ्या डोक्यातून त्यातलं एक गणित जात नाही. १९००च्या दुष्काळात दहा वर्षांची म्हणून आलेली मुलगी १९२४ साली चौतिसाची होते. म्हणजे ते पुस्तक ज्यांच्या हातांनी पुरं केलं त्यांतल्या काही जणी भाकरी लपवणाऱ्या त्या मुलींतल्या असू शकतात. ज्यांना लग्न करून जायचं होतं त्या गेल्या, कुणी शिक्षिका झाल्या, गावोगाव शिकवायला गेल्या. ज्यांना राहायचं होतं त्या राहिल्या. अमुक वयाला फाटकाबाहेर पडायचं, अशी तारीख कुणाच्या नावापुढे नव्हती. शिकाऊ मुलगी तरबेज जुळारी होईपर्यंत आणि पुढे दुसरीला शिकवेपर्यंत एका जागी टिकली, म्हणून तो छापखाना उभा राहिला.

कौतुक इथवर निर्धास्त करता येतं. पुढे अडतं. उपाशी मुलीला अन्न आणि धर्म एकाच हाताने मिळाला तर तिच्या संमतीला काय अर्थ, हा ‘केसरी’च्या काळातला प्रश्न रमाबाईंवरच्या प्रेमापोटी झटकून टाकता येत नाही. मुक्ती ख्रिस्ती संस्था आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण दहा वर्षांच्या मुलीपुढे दुसरा पर्याय नव्हता, हेही तितकंच खरं. कामाचंही तसंच. हातात कसब देणं कुठे संपतं आणि मुलांना राबवणं कुठे सुरू होतं, याची रेघ आजचा कायदा स्वच्छ आखतो. त्या काळी ती रेघ इतकी स्वच्छ नव्हती.

आणि आजचा कायदा संस्थेतल्या दीर्घ मुक्कामाच्याच विरोधात आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलांची प्रत्येक संस्था नोंदणीकृत हवी, प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच दाखल व्हावं, प्रत्येकाची स्वतंत्र काळजी-योजना असावी, आणि संस्था हा शेवटचा उपाय मानावा. आधी स्वतःचं घर, मग नातलग, दत्तक, प्रतिपालक कुटुंब. मला हे तत्त्व पटतं. मोठ्या वसतिगृहात वाढलेलं मूल कुणा एकाचं होत नाही, हे आता जगभर मान्य झालंय. पण अठरा पूर्ण झाले की मूल संस्थेच्या कक्षेबाहेर. अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय सहसा एकविसाव्या वर्षापर्यंत कागदावर आहे. तिथे जागा मिळेलच असं नाही. घरातल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी घर सोडायला कुणी सांगत नाही.

पैशाचा मार्गही अरुंद झालाय. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच घ्यावी लागते, एका संस्थेने दुसरीला द्यायची नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्चायची नाही. ख्रिस्ती आश्रमांची भिस्त ज्या परदेशी मंडळ्यांवर होती त्यांना याची झळ जास्त. हिशेब नीट असावेत यात वाद नाही. पण मुलांना सांभाळणाऱ्या ताईचा पगार हा खर्च ‘प्रशासन’ की ‘सेवा’, यावर जिथे कारकुनी घोळ होतो तिथे शेवटी माणसं कमी केली जातात.

अनाथांसाठी महाराष्ट्रात २०१८पासून एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ज्या मुलीची आई जिवंत आहे पण सांभाळू शकत नाही, ती त्या प्रमाणपत्रात बसत नाही; आणि बालगृहांत अशाच मुली पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये आहेत, मिशन वात्सल्यातून ४,००० आहेत, ते वेळेवर घरी पोचले तर मूल आईजवळ राहू शकतं. नाही पोचले तर आईचा अर्ज एका योजनेत, मुलीचा दुसरीत. रमाबाईंच्या सदनात विधवा आपल्या लेकराला कडेवर घेऊन येऊ शकत होती आणि दोघांची नोंद एकाच फाटकावर होत होती. ही सोय आजच्या नियमांत कशी बसवायची, हे महिला व बालविकास खात्यातल्या कुणाला तरी विचारायला हवं.