वाघिणीच्या गळ्यातली खरखर

मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नेऊन नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. दोघींच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे होते. वाघीण बांबूच्या बेटात पहुडलेली असो की नाल्याच्या पाण्यात, तिचा ठावठिकाणा लागतो. कसा?

पट्टा जीपीएसच्या उपग्रहांच्या रेडिओलहरी ऐकतो आणि त्यावरून जागा काढतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर फिरतात. तिथून निघालेली लहर जमिनीवर पोहोचते तेव्हा तिच्यात किती जोर उरतो? एका वॉटचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी करा. त्यातला जेमतेम एक! आणि हे उघड्या आकाशाखाली. डोक्यावर सागाची भिजलेली पानं असली, तर तेवढंही नाही.

त्यात जंगल स्वतःही गप्प नसतं. ज्याला म्हणून काही तापमान आहे, ते रेडिओलहरी सोडतं: पान, खोड, माती, खुद्द वाघीण. पट्ट्यातल्या तारांमध्येही इलेक्ट्रॉन उष्णतेने धडपडत असतात आणि खरखर उठते. १९२८ मध्ये जॉन्सन या शास्त्रज्ञाने ती मोजून दाखवली, नायक्विस्टने तिचं गणित मांडलं. उपग्रहाचा संकेत या खरखरीच्या कितीतरी खाली बुडालेला असतो.

हा संकेत आधी मोठा करतो पट्ट्यातला एक ट्रान्झिस्टर. सगळी मदार या पहिल्या गड्यावर. कानगोष्टींच्या खेळात पहिल्यानेच चुकीचं ऐकलं, तर पुढचे कितीही तल्लख असोत, काय उपयोग? १९४४ मध्ये फ्रिस या अभियंत्याने हेच सूत्रात बसवलं.

पण ट्रान्झिस्टर स्वतः किती खरखर करेल, हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला न मोजता कसं सांगायचं? १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेतल्या मारियन पोस्पिएशाल्स्की यांनी दिलेलं उत्तर मला फार देखणं वाटतं. त्यांनी अतिवेगवान ट्रान्झिस्टरची सारी खरखर दोन तापमानांत बसवली. संकेत आत शिरतो त्या बाजूचं तापमान साधारण भोवतालच्या हवेएवढं. बाहेर पडतो त्या बाजूचं मात्र काही हजार केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंगतीला! चिप हाताला जळत नाही. हा आकडा समीकरणातला आहे, थर्मामीटरवरचा नाही. पण एवढे दोन आकडे हाती आले, की मोजमाप न केलेल्या फ्रिक्वेन्सीलाही ट्रान्झिस्टर कसा वागेल हे कागदावर काढता येतं. संकेताला सर्वांत जास्त जोर देणारी जोडणी आणि सर्वांत कमी खरखर करणारी जोडणी एक नसते, हेही त्यातून उमगतं. मग अभियंता थोडा जोर सोडतो आणि शांतता निवडतो.

एवढं करूनही संकेत खरखरीखालीच राहतो. तो वर काढतो पाठांतराचा गुण. प्रत्येक उपग्रह १०२३ ठोक्यांची स्वतःची ठरलेली माळ दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवतो. पट्ट्याला ती तोंडपाठ असते. तो ती सरकवून सरकवून ताडून पाहतो; जुळली की बेरीज वाढत जाते, खरखर मात्र आपसांत फिटते.

पहिला ट्रान्झिस्टर जितका खरखरा, तितकं हे ताडून पाहणं लांबतं आणि बॅटरी लवकर संपते. ती बदलायची तर वाघिणीला पुन्हा बेशुद्ध करावं लागतं.