सुरीला लाकडी मूठ : घरच्या घरी करण्याजोगा एक छंद



काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या डोंबिवलीच्या घरात सुरी ही वस्तू पाव कापण्यापुरतीच होती. भाजी, कांदा, मासळी, सारे काही आई विळीवर करीत असे. विळीला मूठ नसते. पाट पायाने दाबून धरायचा आणि जिन्नस दोन्ही हातांनी पात्याकडे न्यायचा. म्हणजे हत्यार स्थिर व हात चालता. पुढे आईचे गुडघे दुखू लागले, जमिनीवर बसणे बंद झाले आणि ती ओट्यापाशी उभी राहून सुरीने चिरू लागली. येथे सगळा हिशेबच उलटतो. जिन्नस स्थिर राहतो, हत्यार चालते आणि त्या चालत्या हत्याराचा ताबा सर्वस्वी मुठीवर येतो. आमच्या सुरीची प्लॅस्टिकची मूठ बोटाएवढी पातळ होती आणि आईच्या बोटांची पेरे संधिवाताने ताठरलेली. मूठ आवळता येईना, सुरी हातात फिरे. एके दिवशी तिने सुरी ओट्यावर ठेवली व म्हणाली, "आता तुम्हीच चिरत जा." ज्या बाईने पन्नास वर्षे घराला करून घातले तिच्या तोंडून हे ऐकणे मला जड गेले. या छंदाची सुरुवात तेथून झाली.

मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. हत्यार म्हणावे तर रबरी शिक्का आणि स्टेपलर. परंतु वडील फिटर होते व त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन कानशी, एक हातकरवत आणि एक छोटा शिकंजा अजून होता. तेवढ्यावर काम भागते, हे मी अनुभवाने सांगतो.

पूर्वी गावगाड्यात हे काम वाटून दिलेले असे. पाते लोहाराचे, दांडा सुताराचा, आणि ज्याचे काम त्यानेच करायचे. शहरात ती वाटणी मोडली हे बरेच झाले. पण तिच्याबरोबर मूठ कशी बसते याची माहितीही घराघरांतून गेली. मूठ तुटली की आपण सुरीच टाकून देतो.

मूठ बसविण्याच्या मुख्य पद्धती दोन. खुरपे, विळा किंवा कानस पाहा. पात्याचे मागचे टोक निमुळते करून ते अखंड लाकडात ठोकलेले असते व लाकूड उलू नये म्हणून तोंडाशी लोखंडी शेंबी असते. जुन्या तलवारींतही पात्याचे असे शेपूट मुठीच्या पोकळीत लाखेने पक्के करीत. दुसऱ्या पद्धतीत पात्याचेच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या दोन फळ्या रिव्हेटने जोडतात. नवशिक्याने ही दुसरी पद्धत घ्यावी. यात सारे काही डोळ्यांसमोर असते, अंदाजाने भोक पाडावे लागत नाही. घरातील जुनी, मूठ सैल झालेली सुरी घ्या. तिच्या लोखंडात रिव्हेटची भोके आधीच असतात. पाणी दिलेल्या पोलादात नवे भोक पाडणे घरच्या ड्रिलला जमत नाही, यंत्राची सुई मात्र जळते.

लाकडाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण यश बरेचसे तेथेच ठरते. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा आणि शेतीच्या अवजारांना बाभूळ वापरतात. दोन्ही चिवट व धक्का सोसणारी, पण कानशीला दाद देत नाहीत. शिसव वजनदार व देखणे, पण त्याचा भुसा कित्येकांच्या नाकाला व कातडीला झोंबतो. आंबा मऊ, लवकर किडतो. पहिल्या मुठीसाठी मी साग सुचवीन. तो कापायला सोपा आणि पाण्यात फारसा फुगत नाही. शिवाय कल्याण-डोंबिवलीत जुन्या चाळी पाडून इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या दारांच्या चौकटी भंगारवाल्याकडे येतात. इतकी वर्षे सुकलेले लाकूड नव्या वखारीत मिळणे कठीण. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातही वीतभर तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, मागितले तर मिळतात. प्लायवूड व एमडीएफ घेऊ नये, ओल लागताच ते फुगते. आणि मुठीसाठी झाडाची फांदी तोडू नये. ओले लाकूड सुकताना वाकते हे एक, आणि शहरी भागातील झाडांना 1975 च्या कायद्याचे संरक्षण आहे हे दुसरे.

चौकटीवर जुना तैलरंग असेल तर तो घासून काढू नका. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे 2016 च्या नियमांनी मर्यादा घातली, त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा नाही. तो थर करवतीने कापूनच टाकावा. एरवीही घासताना नाकाला रुमाल बांधावा.

आता माझी पहिली फजिती. सागाच्या दोन फळ्या कापल्या, सुताराचा पांढरा गोंद लावला, रिव्हेटऐवजी दोन चुका ठोकल्या आणि मे महिन्यात मोठ्या ऐटीत सुरी आईच्या हाती दिली. जुलैत एक फळी सुटली. आई दुधी कापीत होती, पाते हातात फिरले आणि अंगठ्याला दोन टाके पडले. दोष संपूर्णपणे माझा. कल्याणच्या एका सुतार मिस्त्रींना ती मूठ दाखविली तेव्हा ते हसले नाहीत. "साहेब, लाकूड पाणी पितं, लोखंड पीत नाही. दोघांना बांधायचं तर दोघांचं ऐकावं लागतं," एवढेच म्हणाले.

त्यातले शास्त्र असे. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेत फुगते, लांबीच्या दिशेत जवळजवळ नाही. पोलादावर ओलाव्याचा असा परिणाम होत नाही. आपल्या पावसाळ्यात मूठ फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि प्रत्येक वेळी जोडावर ताण येतो. साधा पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो, मग तो ताण कोण घेणार? म्हणून तीन गोष्टी कराव्या लागतात : लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने ठेवायच्या, दोन नळ्यांत मिळणारा इपॉक्सी गोंद वापरायचा आणि जोड केवळ गोंदावर न सोडता धातूचे रिव्हेट आरपार घालायचे.

कामाला लागण्यापूर्वी पात्याला जाड कागद गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. जुनी मूठ काढून लोखंड घासून स्वच्छ करा. मूठ जाळून काढण्याचा मोह टाळावा. पाते तापले की त्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. फळ्या साडेचार-पाच इंच लांब आणि प्रत्येकी तीन सूत जाड घ्याव्यात. आईसाठी मी चार सूत घेतल्या, म्हणजे पात्यासह मूठ इंचापेक्षा थोडी जाड झाली. दुखऱ्या बोटांना जाड मूठ बरी पडते, कारण बोटे पूर्ण मिटावी लागत नाहीत.

एक फळी लोखंडाला शिकंज्यात घट्ट धरून लोखंडाच्या भोकांतूनच लाकडात भोके पाडावीत, मग ती काढून दुसरी. भोके अशी आपोआप जुळतात. यानंतरची गोष्ट जवळपास प्रत्येक नवशिका विसरतो, मीही विसरलो होतो. फळ्यांची पात्याकडची टोके चिकटविण्याआधीच गोल करून, पॉलिश पेपर मारून पूर्ण करायची. एकदा चिकटल्या की तेथे कानस नेली तर पात्यावर ओरखडे उठतात. साग तेलकट असल्याने चिकटविण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा. गोंद दोन्ही नळ्यांतून सारखा घेऊन नीट कालवा, फळ्या बसवा, पितळी सळईचे तुकडे भोकांत घाला आणि शिकंज्यात एक दिवस राहू द्या. शिकंजा फार आवळू नये, सारा गोंद बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी सळईची बाहेर आलेली टोके हलक्या हातोडीने चहूबाजूंनी ठोकून पसरवायची. एकच जोराचा घाव घातला तर लाकूड उलते. आमच्या शेजाऱ्यांनी या ठोकाठोकीबद्दल दोनदा विचारणा केली, तेव्हा हे काम दुपारी उरकावे.

आकार देताना मूठ पूर्ण गोल करू नका, अंडाकृती ठेवा. गोल मूठ हातात फिरते. अंडाकृतीत धार कोणीकडे आहे हे न पाहता हाताला कळते. कानशीने थोडे उतरवावे, सुरी वापरणाऱ्याच्या हातात द्यावी, पुन्हा उतरवावे. आईने माझ्याकडून चारदा फेरफार करून घेतला. चौथ्यांदा तिने काही न बोलता कांदा घेतला. शेवटी 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने मारायचा.

वर जवसाचे कच्चे तेल पातळ लावून पुसावे. दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची रसायने घातलेली असू शकतात, स्वयंपाकघरातल्या वस्तूला ते टाळावे. कच्चे तेल वाळायला आठवडे लागतात, म्हणून हे काम मार्च-एप्रिलात काढावे. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता निघते व फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. ती पाण्यात भिजवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. शस्त्रास्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती व शेतीच्या कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. तरीही पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळी निघतात आणि लोकलच्या गर्दीत दप्तरातून सुरी निघाली तर खुलासा करताना पुरेवाट होते. काम स्वयंपाकघरातल्या सुरीवरच करावे, घरीच करावे, आणि सुरुवातीला वडीलधारे माणूस जवळ असावे.

ही मूठ पाण्यात भिजत ठेवायची नाही, धुऊन लगेच पुसायची, आणि पावसाळ्याआधी एकदा तेलाचा हात द्यायचा. आईच्या सुरीचा हा सहावा पावसाळा. मागच्या टोकाला, रिव्हेटच्या खाली, केसाएवढी एक चीर दिसते आहे. ती तेलाने भागेल की फळी बदलावी लागेल, हे ऑक्टोबरात लाकूड सुकल्यावर कळेल. सागाचे दोन तुकडे कापून ठेवले आहेत.