इंजिनाचा श्वास

बारामती-इंदापूरकडच्या हौशी मंडळींचा प्रश्न असतो: सुपरचार्जर बसवावा, की आहे तेच इंजिन सुधारून घ्यावं?

साधं इंजिन फुप्फुसासारखं असतं. पिस्टन खाली सरकला की हवा आत ओढली जाते. सुपरचार्जर म्हणजे व्हेंटिलेटर. तो हवा दाबून भरतो. ताकद बरीच वाढते, पण दाबलेली हवा तापते. अतिदाबाने फुप्फुस फाटतं, तसा इथे पिस्टन फुटू शकतो. साध्या सुधारणेत वाढ थोडी आणि ताणही कमी. मी तीच निवडेन.

मात्र इंजिनाला ‘मोकळा श्वास’ मिळावा म्हणून काही जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. मग पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. (असा बदल कायद्यातही बसत नाही.)

गाडी तपासताना गॅरेजचं शटर पूर्ण उघडं ठेवा. डोकं दुखलं, मळमळलं तर गोळी घेऊन कामाला लागू नका. मोकळ्या हवेत या आणि लगेच रुग्णालय गाठा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत आकडा चांगलाच दाखवतो.