सूक्ष्मसृष्टी (भाग ६) : अमिबाच्या पेशीतली रस्सीखेच

अमिबाने छद्मपाद पसरून जिवाणूला वेढलं, तिथवर मागचा भाग आला होता. पण ज्याला जठर नाही, आतडं नाही, तो एकपेशीय जीव गिळलेलं पचवतो कसा?

पहिल्या पावसानंतर चिखली-मेहकरकडच्या काळ्या रानात पिकांच्या मुळांभोवती जिवाणू वाढतात. मातीतले अमिबा त्यांच्यावरच जगतात. गिळलेला जिवाणू पेशीपटलाच्या एका पिशवीत बंद होतो. ही पिशवी म्हणजे फॅगोसोम.

पिशवीवर रॅब नावाची प्रथिनं येऊन बसतात. जीटीपी हा रेणू जोडलेला असेपर्यंत रॅब चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. चालू असताना ते पुढच्या कामाची प्रथिनं पिशवीवर बोलावून घेतं. रॅब-५ जाऊन रॅब-७ आलं की पिशवीने कोणत्या पिशवीत मिसळायचं, तेही बदलतं. व्ही-एटीपेज हे प्रथिन प्रोटॉन आत ढकलत राहतं. काही मिनिटांत आत आम्ल तयार होतं आणि विकरं जिवाणूचे तुकडे पाडू लागतात.

आता या पिशव्या पेशीत हलवायच्या कोणी? या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर मुंबईत मिळालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमिबाच्या अंतःपिशव्यांची, म्हणजे एंडोसोमची, हालचाल टिपली आणि लेझर किरणाच्या चिमट्याने त्यांना ओढणारं बल मोजलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थक्क करणारा होता. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवर दोन वाहक प्रथिनं एकाच पिशवीला विरुद्ध दिशांना ओढतात. एका बाजूला एकटं, पण दमदार आणि चिवट कायनेसिन. दुसऱ्या बाजूला चार ते आठ डायनीन, प्रत्येक दुबळं आणि चटकन पकड सोडणारं. कधी या बाजूची सरशी, कधी त्या. या रस्सीखेचीत पिशवी ताणली जाते आणि तिचे दोन भागही होतात. वाहतूक आणि वाटणी, दोन्ही एकाच ओढाताणीत साधतात.

याच गटाचं २०१६ मधलं काम फॅगोसोमवरचं आहे. पिशवी जुनी होत जाते तशी डायनीन तिच्या पटलावरच्या कोलेस्टेरॉलयुक्त भागात गोळा होतात, एकजुटीने जोर लावतात आणि पिशवीला पाचक लायसोसोमकडे वेगाने नेतात. काळा आजाराचा परजीवी लेश्मानिया नेमका इथेच घाव घालतो. त्याच्या पृष्ठभागावरचा एक मेदयुक्त रेणू डायनीनची ही एकजूट मोडतो.

पचन संपल्यावरही प्रथिनांचं काम उरतंच. ‘वॉश’ नावाचा प्रथिनसमूह व्ही-एटीपेज पिशवीवरून काढून घेतो, आतलं आम्ल ओसरतं आणि मग चोथा बाहेर टाकला जातो. वॉश नसलेल्या अमिबाला हा चोथा टाकता येत नाही.

पुढच्या भागात : दूषित पाण्यातून माणसाच्या आतड्यात शिरणारा एंटअमिबा हिस्टोलिटिका. त्याच्याकडे रॅब प्रथिनांची नव्वदहून अधिक जनुकं आहेत. माणसापेक्षाही जास्त.