संख्येचें रूपांतर आणि एका यानाचा नाश

१९९६ सालच्या जून महिन्याच्या ४ तारखेस दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून ‘एरियन-५’ हें यान प्रथमच आकाशांत झेपावलें. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारें चाळीस सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, तें वाट सोडून वळलें व फुटून गेलें. आंतील चारहि उपग्रह नष्ट झाले. दोष इंजिनाचा नव्हता. एका संख्येचें रूप बदलतांना तो घडला होता.

संगणक संख्या मुख्यतः दोन तऱ्हांनीं ठेवतो. पूर्णांकाला ठराविक घरें असतात. चिन्हासह १६ घरांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. दुसरी तऱ्हा ‘फ्लोटिंग पॉइंट’ची. चंद्राचें अंतर सुमारें ३,८४,००० किलोमीटर, तें ३.८४ गुणिले १० चा पांचवा घात असें लिहिलें, कीं अंक निराळे राहतात आणि बिंदु किती घरें सरकवावयाचा तें निराळें. बिंदु असा सरकता, म्हणून हें नांव. संगणक मात्र १० ऐवजीं २ चे घात घेतो. ६४ घरांपैकीं १ घर चिन्हाचें, ११ घातांकाचीं व ५२ अंकांचीं.

आतां १ भागिले ३ दशांशांत लिहूं गेल्यास ०.३३३… संपतच नाहीं. द्विमान पद्धतींत तीच गत एकदशांशाची! घरें संपतात तेथें संगणक जवळची संख्या पतकरतो, म्हणून ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांचा हिशेब या तऱ्हेनें न ठेवलेलाच बरा.

रूपांतरांत दुसरेंच संकट असतें. पुष्कळ संगणकभाषांत ३.९ चा पूर्णांक करतांना ३ च उरतात; अपूर्णांक नुसता गळतो. तें एक वेळ चालेल. पण पायलीभर धान्य शेराच्या मापांत कसें मावावें?

एरियनमध्यें नेमकें तेंच झालें. यानाच्या आडव्या वेगाशीं निगडित अशी ६४ घरांची संख्या १६ घरांच्या पूर्णांकांत घालावयाची होती. ही आज्ञावली ‘एरियन-४’ची, त्या यानाचा आडवा वेग इतक्या झपाट्यानें वाढत नसे. धोक्याच्या सात संख्यांपैकीं चारांना संरक्षण दिलेलें होतें. संगणकावरील भार मर्यादेंत राहावा म्हणून तिघींना तें दिलें नव्हतें. त्यांतलीच ही एक. मापाबाहेरची संख्या येतांच दिशादर्शक यंत्र बंद पडलें. राखीव यंत्रांतहि तीच आज्ञावली असल्यामुळें तें क्षणभर आधींच थांबलें होतें. बंद पडतांना यंत्रानें पाठविलेला दोषसंदेश मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती म्हणून वाचला व इंजिनांचीं तोंडें एकदम वळविलीं. आणि ज्या गणितापायीं हें सारें झालें, त्याची यान जमीन सोडल्यानंतर मुळीं गरजच नव्हती.