समाधान शिकावे लागते

१९७२च्या दुष्काळात माझी आजी इंदापूर तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. संध्याकाळी मिलोच्या लाल भाकरीपुढे बसली, की ती डोळे मिटून देवाचे उपकार मानायची आणि आम्हा पोरांना म्हणायची, “आहे त्यात समाधान मानावं.” पुढे बारामतीला कॉलेजात गेल्यावर हेच वाक्य मला बोचू लागले. आमच्या भागातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या उरलेसुरलेच आले, त्यांनाच समाधानाचा उपदेश कशासाठी? श्रद्धेच्या नावाखाली ही गप्प बसण्याची शिकवण तर नव्हे? या प्रश्नाने मला त्या वाक्याच्या मुळाशी नेले.

ते मूळ नव्या करारात आहे. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. पत्र लिहिताना पौल कैदेत होता. जगू की मरू, हेही नक्की नव्हते. मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली होती. त्या मदतीची पोच देताना पौल सांगतो की, सुबत्ता असो वा अडचण, पोट भरलेले असो वा रिकामे, कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो आहोत.

यातला ‘शिकलो’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समाधान हा पौलाचा जन्मजात स्वभाव नव्हता. मूळ ग्रीकमध्ये त्याने पुढे जे क्रियापद वापरले आहे, ते गूढ पंथाची दीक्षा घेण्यासाठी वापरले जाई. तृप्त या अर्थी त्याने योजलेला ‘ऑटार्केस’ हा शब्दही स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा, अर्थ स्वयंपूर्ण. शहाण्याला कोणाची गरज नसते, असे स्टोइक मानत. पौल त्यांचा शब्द घेतो आणि अर्थ फिरवतो. आपले बळ आपले नाही, ते ख्रिस्ताकडून येते, असे तो म्हणतो. आणि लगेच, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगले केलेत, असेही लिहितो. म्हणजे हे समाधान मदत नाकारणारे नाही.

ते अन्याय गिळणारेही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात याच फिलिप्पै शहरातली हकीकत आहे. पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. मध्यरात्री ते दोघे स्तोत्रे गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला, तेव्हा पौल अडून बसला. आम्ही रोमन नागरिक आहोत, उघडपणे मारलेत, तर आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असे त्याने बजावले. अधिकाऱ्यांना यावे लागले. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच होता.

असा माणूस आपल्याच जिल्ह्यात पाहायचा, तर शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगावला जावे. पंडिता रमाबाईंनी तरुण वयात दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवाच्या इच्छेत मन निवांत झाले म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या, केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, मुक्तिसदन उभे केले. उतारवयात त्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. २४ जुलै १९२१ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही रमाबाईंनी काम सोडले नाही. भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ला त्यांनी देह ठेवला. हे समाधान दुःखाला दुःखच म्हणते. पण शेवटचा शब्द दुःखाला देत नाही.

मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, बेलवाडीला रिंगण होते, आणि दुष्काळात घरदार उद्ध्वस्त झालेल्या वाण्याने शिकवलेले समाधान हजारो मुखांनी गायले जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. दोन्हीकडे समाधानाचा आधार स्वतःपलीकडे आहे. एकाचा विठ्ठल, दुसऱ्याचा ख्रिस्त.

पौलाच्या बोलण्यातला आणखी एक अर्धा भाग आपण विसरतो. अडचणीइतकीच सुबत्ताही त्याला शिकावी लागली. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामतीकडची जमीन पालटली, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले. कालव्याखालचा शेतकरी आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे गाव यांच्यात फार अंतर नाही. समाधानाचा उपदेश मात्र टँकरच्या रांगेतच जास्त ऐकू येतो. खरे तर ‘आता पुरे’ म्हणायला शिकणे कालव्याखाली अधिक अवघड आहे. ज्याला ते जमते, त्याच्यामुळे शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचते.

आजीची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. कामावर खडीच्या ढिगाचे माप कमी धरले, त्या दिवशी ती मुकादमासमोर उभी राहिली. पुन्हा मोजल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. बाकीच्या बायाही तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि माप पुन्हा झाले. त्याही संध्याकाळी तिने नेहमीसारखेच डोळे मिटून उपकार मानले. कॉलेजातल्या मला या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटल्या असत्या. आजीला तशा त्या कधीच वाटल्या नाहीत.