हेस्टिंग्जचा पासष्ट खेळ्यांचा डाव

बुद्धिबळाच्या डावाचा निकाल शेवटीं लागतो. पण त्याचें बीज पुष्कळदां पहिल्या चारपांच खेळ्यांतच पेरलेलें असतें. इंग्लंडांतील हेस्टिंग्ज येथें १९३०-३१ च्या स्पर्धेंत मीर सुलतान खान यांनीं कापाब्लांका यांजवर मिळविलेला विजय याची उत्तम साक्ष देतो.

कापाब्लांका हे १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेते. सुलतान खान हे पंजाबांतील सर उमर हयात खान यांच्या पदरचे हौशी खेळाडू. त्यांचा हात बसला होता तो देशी खेळांत. त्यांत प्यादें पहिल्या खेपेसहि एकच घर चालतें. पाश्चात्त्य नियम त्यांनीं मागाहून आत्मसात् केले.

योगायोग असा कीं, काळ्या मोहऱ्यांनीं खेळणाऱ्या कापाब्लांका यांनीं पत्करलेल्या बचावाचें नांवच मुळीं ‘वजिराकडील भारतीय बचाव’! घोड्यापुढील प्यादें एक घर सरकवून त्या वाटेनें उंट कर्णावर बसवावयाचा व दुरून मध्यावर नजर ठेवावयाची, हें त्याचें मर्म. सुलतान खान यांनीं पांचव्या खेळीस वजिराच्या बाजूचें कडेचें प्यादें एकच घर पुढें सारलें. खेळी दिसावयास साधी. परंतु काळ्याच्या दुसऱ्या उंटानें पुढें येऊन पांढरा घोडा जखडण्याची सोय तिनें नाहींशी केली. पुढें मध्यावर प्याद्यांची मारामारी झाली व काळ्याचें स्वतःचेंच प्यादें पहिल्या उंटाच्या वाटेंत ठाण मांडून बसलें. तिसऱ्या खेळीस बसलेला तो उंट बावन्नाव्या खेळीपर्यंत जागचा हलला नाहीं.

एकविसाव्या खेळीस काळा हत्ती शह देत आंत घुसला. सुलतान खान यांनीं वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले. मग काळा वजीर नुसत्या येरझारा घालूं लागला आणि पांढरा राजा सावकाश निवाऱ्यास गेला. एकसष्टाव्या खेळीस पांढऱ्या हत्तीनें जें प्यादें मारलें, तें काळ्यानें दुसऱ्या खेळीस उंटाच्या वाटेसाठीं सरकविलेलेंच होय! पासष्टाव्या खेळीनंतर माजी जगज्जेत्यांनीं हार मानली.

सुलतान खान यांनीं ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ व १९३३ असें तीनदां जिंकलें. १९३३ च्या अखेरीस ते धन्याबरोबर स्वदेशीं परतले, आणि स्पर्धेचा पट त्यांस अंतरला. १९६६ त ते वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी त्यांस दिली ती २०२४ त, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं. घरांतील मुलांस पट मांडून देतांना हा डाव अवश्य दाखवावा. एक घर सरकलेल्या प्याद्याची किंमत त्यांस आपोआप कळेल.